‘अभिनंदन’ दिसलं म्हणजे झालं का? टॉर आणि व्हीपीएन तपासायची माझी पद्धत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की टॉर ब्राउझर (ट्रॅफिक तीन वेगळ्या मशीन्समधून फिरवून नेणारा) टाकला, टॉर चालू आहे का ते सांगणाऱ्या चेक पेजवर ‘अभिनंदन’ आलं, पण आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) दाखवणाऱ्या तीन साइट्स तीन वेगवेगळे देश दाखवतायत, त्याच वेळी बाजूला उघडलेल्या क्रोममध्ये तुमचा खरा आयपी दिसतोय, आणि दुसऱ्या दिवशी टॉर बंद करून नुसता व्हीपीएन (सगळा ट्रॅफिक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारा बोगदा) लावला तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) टेस्टमध्ये चार अनोळखी सर्व्हर आले. मग हे चालतंय की गळतंय, आणि दोन्ही एकत्र लावावेत का?

आधी घाबरण्याचं निस्तरू. तीन देश दिसणं बरोबर आहे, उलट तेच अपेक्षित आहे. टॉर ब्राउझर प्रत्येक साइटसाठी वेगळं सर्किट, म्हणजे वेगळा रस्ता, वापरतो, त्यामुळे तुम्ही तीन डोमेन उघडली की बहुधा तीन वेगळ्या एक्झिटमधून (रस्त्यातल्या शेवटच्या मशीनमधून) बाहेर पडता, आणि हे मुद्दाम केलेलं आहे, म्हणजे दोन साइट्सनी नंतर नोंदी जुळवल्या तरी आयपीवरून ‘हा तोच माणूस’ असं कळू नये. क्रोममध्ये खरा आयपी दिसणं पण बरोबरच. टॉर ब्राउझर फक्त स्वतःचा ट्रॅफिक टॉरमधून पाठवतो, बाकीचं मशीन जसं होतं तसंच उघडं असतं. हा गैरसमज इतका कॉमन आहे की मी नेटवर्कचं काम करायला लागल्यापासून ज्यांना ज्यांना टॉर लावून दिला त्यातल्या अर्ध्या लोकांनी हेच विचारलंय. उरले ते चार डीएनएस सर्व्हर. त्यात बघण्यासारखं आहे, त्यावर खाली येतो.

पण त्याआधी खरा प्रश्न काय ते नीट मांडू, कारण ‘चालतंय का’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. मी पाठवतोय ते बोगद्यातून जातंय का, हा पहिला. बोगद्याच्या बाहेरून काही सटकतंय का, हा दुसरा. आणि सगळं बोगद्यातून जाऊनही मी आतून स्वतःच माझी ओळख सांगतोय का, हा तिसरा. ते ‘अभिनंदन’ वालं पेज फक्त पहिल्याचं उत्तर देतं, ते पण एका ब्राउझरपुरतं आणि त्या क्षणापुरतं. म्हणून मी तपासताना काय दिसतंय याकडे कमी बघतो, जे दिसायला नको ते कुठे दिसतंय का ते शोधतो. टेस्ट पास करायला बसायचं नाही, नापास करायला बसायचं.

सुरुवात नेहमी उघड्या कनेक्शनपासून करा. व्हीपीएन बंद, टॉर बंद, साधा ब्राउझर. खरा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता काय, आयपीव्ही६ (नवीन पद्धतीचा, लांब) आहे का आणि असेल तर काय, डीएनएस टेस्ट कुठल्या कंपनीचं नाव दाखवते, हे कागदावर लिहून ठेवा. लोक ही पायरी सोडतात आणि मग व्हीपीएन लावल्यावर स्क्रीनवर येणारे आकडे बघून ‘हे माझे की त्यांचे’ म्हणून डोकं खाजवत बसतात. आधीचं माहीत नसेल तर नंतरच्याची तुलना कशाशी करणार?

आता टॉर. चेक पेज काय करतं तर तुम्ही ज्या आयपीवरून आलात तो टॉरच्या एक्झिटच्या यादीत आहे का ते बघतं, एवढंच. त्यामुळे कधीकधी सगळं नीट असून ‘तुम्ही टॉर वापरत नाही’ असं येतं, कारण एक्झिट नवीन असतो किंवा ज्या पत्त्यावरून बाहेर पडतो तो यादीतल्या पत्त्यापेक्षा वेगळा असतो. असं झालं तर सर्किट बदलून परत बघा. आलेला आयपी खरंच टॉरचा आहे का याची शंका असेल तर टॉर प्रोजेक्टचीच एक्झोनरेटर नावाची सोय आहे, त्यात आयपी आणि तारीख टाकली की त्या दिवशी तो पत्ता टॉरचा रिले (ट्रॅफिक पुढे नेणारं मशीन) होता का ते सांगते.

मला त्यापेक्षा आवडणारी टेस्ट म्हणजे एखादी डॉट ऑनियन साइट (फक्त टॉरमधून उघडणारी) उघडून बघणं. आता ते पत्ते ५६ अक्षरांचे असतात (जुने १६ अक्षरांचे २०२१ मध्ये बंद झाले), आणि साध्या ब्राउझरमध्ये ते उघडतच नाहीत कारण नेहमीच्या डीएनएसमध्ये ते नसतातच. उघडली म्हणजे त्या टॅबचा ट्रॅफिक टॉरमधून गेला, यादीबिदी तपासायची गरज नाही. शिवाय पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडे सर्किटचं चिन्ह असतं त्यावर क्लिक करा, साध्या साइटसाठी तीन टप्पे दिसतील, गार्ड, मधला आणि एक्झिट. ‘या साइटसाठी नवीन सर्किट’ दाबलं की मागचे दोन बदलतात पण गार्ड तोच राहतो, आणि इथे हमखास कोणीतरी म्हणतं की बघा अडकलंय, पहिला टप्पा बदलतच नाही. अडकलेलं नाही. गार्ड मुद्दाम महिनोन्‌महिने तोच ठेवतात, कारण रोज नवीन गार्ड घेतला तर कधी ना कधी एखादा पाळत ठेवणारा नशिबी यायची शक्यता वाढतच जाते.

टॉर सुरूच होत नसेल किंवा मध्येच अडकत असेल तर बाकी काही करायच्या आधी मशीनचं घड्याळ बघा. वेळ किंवा टाइम झोन चुकीचा असेल तर टॉर जोडलाच जात नाही, आणि लोक तासभर फायरवॉल उसवत बसतात. मी पण बसलोय.

आता व्हीपीएन, कारण गळतीचे बहुतेक प्रकार इथे होतात.

तुमच्या त्या चार सर्व्हरचं बघू. डीएनएस टेस्ट कशी चालते हे कळलं की निम्मी भीती जाते. ती साइट तुमच्या ब्राउझरला स्वतःच्या डोमेनखालची काही अशी नावं शोधायला लावते जी आधी जगात कोणी विचारलेलीच नसतात. मग तुमचा डीएनएस सर्व्हर त्या साइटच्या सर्व्हरकडे विचारायला येतो, आणि कोण आलं ते ती साइट लिहून घेते. म्हणजे तुम्हाला दिसतात ते विचारायला आलेल्यांचे पत्ते. मोठ्या डीएनएस कंपन्यांकडे मागे ढीगभर मशीन्स असतात, एकदा याने विचारलं, एकदा त्याने, म्हणून चार दिसले काय नि बारा दिसले काय, संख्येला अर्थ नाही. मालकाचं नाव बघा. तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव त्यात असेल, म्हणजे तुम्ही कागदावर लिहिलेलंच, तर गळती आहे, विषय संपला. व्हीपीएन कंपनीचं किंवा ती ज्या डेटा सेंटरमधून जागा घेते त्याचं असेल तर ठीक. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर असेल तर… इथे थांबा.

कारण ही टेस्ट कुणी विचारलं एवढंच सांगते, प्रश्न कुठल्या रस्त्याने गेला ते सांगत नाही. समजा तुम्ही कधीतरी कोणाचं तरी ऐकून मशीनमध्ये ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाकून ठेवलंय. ते प्रश्न व्हीपीएनमधून गेले तरी टेस्टमध्ये गूगल दिसणार आणि व्हीपीएनला वळसा घालून उघड्यावर गेले तरी गूगलच दिसणार. टेस्ट हिरवी, आणि तुमची इंटरनेट कंपनी मात्र प्रत्येक साइटचं नाव वाचतेय. विंडोजमध्ये हे जास्त होतं, कारण ८ पासून त्यात अशी सोय आली की जेवढी नेटवर्क कनेक्शन्स असतील तेवढ्यांवर डीएनएसचा प्रश्न पाठवता येतो, बोगद्यातून पण आणि वायफायवरून पण. वेगासाठी केलेलं आहे, पण आपल्या कामाला ते मुळावर येतं. चांगली व्हीपीएन ॲप्स हे अडवतात, हाताने सेटिंग केलेल्यात राहून जातं. दुसरी गोष्ट, ब्राउझरमध्येच एन्क्रिप्टेड डीएनएस चालू असेल तर टेस्ट ब्राउझरने निवडलेली कंपनी दाखवेल आणि बाकीच्या सिस्टिमचा डीएनएस कुठे जातोय ते कळणारच नाही, त्यामुळे टेस्टपुरतं ते बंद करून एकदा बघाच. टॉर ब्राउझरमध्ये मात्र यातल्या कशालाही हात लावू नका, तिथे नाव शोधायचं काम एक्झिट करतो आणि तेच बरोबर आहे.

मग रस्ता कळणार कसा? पॅकेट बघून. वायरशार्क किंवा टीसीपीडंप (मशीनमधून जाणारी पॅकेट्स दाखवणारे प्रोग्राम) उघडा आणि ते वायफायच्या किंवा केबलच्या इंटरफेसवर (जोडणीवर) लावा, व्हीपीएनच्या नाही. लोक व्हीपीएनच्या इंटरफेसवर लावतात आणि मग सगळं उघडंवाघडं दिसतं म्हणून हादरतात, तिथे दिसणारच, ते बोगद्याच्या आतलं आहे. वायफायवर बघितलं तर व्हीपीएन चालू असताना बाहेर जाणारं जवळपास सगळं एकाच पत्त्याकडे जाताना दिसायला पाहिजे, व्हीपीएन सर्व्हरच्या. वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) असेल तर बहुतेक वेळा यूडीपी (माहिती पाठवायची एक पद्धत, दुसरी टीसीपी) पोर्ट ५१८२०, ओपनव्हीपीएन (दुसरा प्रकार) असेल तर ११९४, पण कंपन्या पोर्ट बदलतात त्यामुळे आकड्यावर अडू नका, पत्ता बघा. घरातल्या घरात प्रिंटर नि राउटर एकमेकांशी बोलतात ते सोडून द्या. मग पोर्ट ५३ चा (साधे डीएनएसचे प्रश्न यावरूनच जातात) फिल्टर लावा आणि ब्राउझरमध्ये चारपाच नवीन साइट्स उघडा. ५३ वर एक जरी ओळ बाहेरच्या पत्त्याकडे किंवा घरच्या राउटरकडे गेली तर डीएनएस गळतोय, वेबसाइटवरची टेस्ट काहीही म्हणो. टॉर एकटाच चालवून हीच युक्ती केली आणि बाकीची ॲप्स बंद ठेवली तर गार्डच्या पत्त्याशी टीसीपी कनेक्शन दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बाकी सगळ्या टेस्ट एका पारड्यात नि ही एका पारड्यात.

आयपीव्ही६ ची गोष्ट मी स्वतः भोगलीय. एक मशीन नीट तपासून, सगळ्या टेस्ट करून, वर छाती फुगवून दिलं होतं. काही महिन्यांनी त्या माणसाचा फोन, की एका साइटला माझं खरं शहर कळतंय. बघितलं तर मधल्या काळात त्याच्या इंटरनेट कंपनीने आयपीव्ही६ चालू केलं होतं, आणि तो व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ बोगद्यात घेत होता. ज्या साइट्स दोन्ही बोलतात त्यांच्याकडे ट्रॅफिक सरळ बाहेरून, खऱ्या पत्त्यासकट. मशीनमध्ये कोणी काही बदललंच नव्हतं. तेव्हापासून व्हीपीएन ६ नीट घेत नसेल तर मी मशीनवर ते बंदच करतो, आणि एकदा तपासलं म्हणजे कायमचं झालं असं कोणाला म्हणत नाही.

वेबआरटीसी बद्दल फार लिहीत नाही. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल यावर चालतात, आणि २०१५ मध्ये हे गाजलं की साधी वेबसाइट पण याच्या आधारे व्हीपीएनमागचा खरा पत्ता काढू शकते. टेस्टमध्ये १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता आला किंवा शेवटी डॉट लोकल असलेलं लांबलचक नाव आलं तर सोडून द्या, त्यावरून जगात तुम्हाला कोणी शोधू शकत नाही. कागदावरचा पब्लिक आयपी आला तरच काळजी. टॉर ब्राउझरमध्ये वेबआरटीसी नाहीच, कारण टॉर मुळात टीसीपीच वाहतो, यूडीपी नाही.

यावरून आठवलं, टॉर चालू आहे का बघायला लोक पिंग करतात. पिंग टॉरमधून जातच नाही, त्याने काहीच सिद्ध होत नाही. तसंच कमांड लाइनवरून कर्ल (साइट उघडून बघणारं छोटं साधन) वापरून तपासणार असाल तर पोर्ट लक्षात ठेवा, टॉर ब्राउझर चालू असेल तर ९१५०, वेगळा टॉर टाकला असेल तर ९०५०, आणि सॉक्स५ चा (ट्रॅफिक टॉरच्या हाती द्यायची पद्धत) तो प्रकार वापरा ज्यात साइटचं नाव पण टॉरकडेच जातं. साधा सॉक्स५ दिला तर कर्ल नाव आधी तुमच्याच डीएनएसला विचारतो आणि मग टॉरमधून जातो, आयपी बघितला तर टॉरचा, पण कुठे गेलात ते सांगून झालेलं असतं. टॉरेंटचं तर नावच काढू नका, टॉर प्रोजेक्टने २०१० मध्येच समजावून सांगितलं होतं की टॉरेंटची सॉफ्टवेअर्स पाठवायच्या माहितीच्या आतच तुमचा खरा आयपी लिहितात, मग बोगदा कितीही पक्का असला तरी काय उपयोग.

किल स्विच. व्हीपीएन तुटला तर इंटरनेटच बंद पडावं यासाठी तो असतो, आणि जवळजवळ कोणीच तो खऱ्या अर्थाने तपासत नाही. ॲपमधलं डिस्कनेक्ट बटण दाबून बघितलं आणि इंटरनेट चालू राहिलं म्हणून ‘किल स्विच खोटा आहे’ असं म्हणणारे पण भेटलेत, पण बऱ्याच ॲप्समध्ये तुम्ही स्वतः बटण दाबलं की किल स्विच पण उठतो, ते तसंच बनवलेलं असतं. खरी टेस्ट म्हणजे एखादं मोठं डाउनलोड लावा आणि व्हीपीएनची प्रोसेस टास्क मॅनेजरमधून मारा. मग परत जोडून वायफाय बंद-चालू करा. मग लॅपटॉपचं झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. प्रत्येक वेळी वायफायवरचं वायरशार्क चालू असू द्या. झोपेतून उठल्यावरचे पहिले काही सेकंद सगळ्यात वाईट असतात, मेल, चॅट, क्लाउड सिंक सगळे एकदम बाहेर धावतात आणि व्हीपीएन अजून जोडला जात असतो. माझ्याकडे एकदा रात्रभर डाउनलोड चालू ठेवलं होतं, मध्यरात्री कधीतरी बोगदा तुटला आणि उरलेलं सगळं उघड्या लाइनवरून पूर्ण झालं. सकाळी आयपी तपासला तर व्हीपीएनचाच, कारण तो पहाटे परत जोडला गेला होता. राउटरचा लॉग बघितला नसता तर कळलंच नसतं.

मोबाइलवर हे सगळं एवढं हातात नसतं. अँड्रॉइडमध्ये ऑलवेज-ऑन व्हीपीएन आणि व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा, अशी दोन बटणं आहेत, दोन्ही चालू करा, पण २०२२ मध्ये हे पुढे आलं की ती चालू असूनही इंटरनेट आहे का ते बघणाऱ्या सिस्टिमच्या छोट्या तपासण्या बाहेरूनच जातात. आयफोनमध्ये २०२० मध्ये दिसलं होतं की व्हीपीएन लावायच्या आधीपासून उघडी असलेली कनेक्शन्स बंद न होता तशीच चालू राहतात. अँड्रॉइडवर ऑर्बट (मोबाइलवर टॉर चालवणारं ॲप) वापरत असाल तर कुठली ॲप्स टॉरमधून जायची ते तुम्ही निवडता, त्यामुळे तपासताना निवडलेल्या ॲपमध्येच तपासा.

आता तिसरा प्रश्न, आतून ओळख सांगण्याचा. यासाठी कुठलीच साइट ‘अभिनंदन’ देऊ शकत नाही. टॉरमधून आपल्या रोजच्या मेलला लॉगिन केलं की त्या साइटपुरतं अनामिकपण संपलं. ब्राउझरचा ठसा (ज्या बारीक खुणांवरून तो ओळखता येतो) बघायला ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची कव्हर युअर ट्रॅक्स ही साइट आहे, २०१० मध्ये पॅनोप्टिक्लिक नावाने सुरू झाली, २०२० ला नाव बदललं. साध्या ब्राउझरवर व्हीपीएन लावून ती चालवा, मग टॉर ब्राउझरमध्ये चालवा, फरक बघा. व्हीपीएन आयपी बदलतो, पण स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन हे तसंच राहतं. टॉर ब्राउझर टाइम झोन यूटीसी सांगतो आणि खिडकीचा आकार ठरावीक मापात ठेवतो, बाजूला करड्या पट्ट्या दिसतात त्या त्यासाठीच, बिघाड नाही. त्यात स्वतःची एक्स्टेंशन्स घालाल तर या सगळ्यावर पाणी.

आणि टॉर अगदी परिपूर्ण चालूनही माणूस सापडू शकतो. २०१३ च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डमध्ये एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बच्या धमकीचे मेल टॉरमधून पाठवले. टॉर कोणी फोडला नाही. मेल टॉरमधून आलेत एवढं कळलं, मग त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोण वापरत होतं ते बघितलं, आणि गडी सापडला, त्याने कबूलही केलं. म्हणजे तुम्ही काय करताय ते टॉर लपवतो, टॉर वापरताय हे लपवत नाही. ते पण लपवायचं असेल तर ब्रिज (टॉरमध्ये शिरायचे छुपे रस्ते) वापरावे लागतात, स्नोफ्लेक किंवा ओबीएफएस४.

तुम्ही शेवटी विचारलंय की दोन्ही एकत्र लावू का. हे तुम्हाला कोणापासून लपायचंय यावर आहे. आधी व्हीपीएन आणि त्यातून टॉर असं केलं तर इंटरनेट कंपनीला टॉर दिसत नाही, पण व्हीपीएन कंपनीला दिसतो, म्हणजे भरवसा इकडून उचलून तिकडे ठेवला. नुसत्या जाहिरातवाल्यांचा वैताग असेल तर टॉर ब्राउझर एकटा पुरे. सार्वजनिक वायफायची भीती असेल तर व्हीपीएन पुरे. आणि चुकीची किंमत फार मोठी असेल, म्हणजे नोकरी किंवा जिवावर बेतणारं काही असेल, तर रोजच्या मशीनवर या टेस्ट करत बसू नका, टेल्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या, त्यात सिस्टिमच अशी आहे की टॉरशिवाय बाहेर जायचा प्रयत्न केला तर अडवते.

तुम्ही आज करायचं म्हणाल तर उघड्या कनेक्शनचे आकडे लिहा, मशीनमध्ये हाताने टाकलेला डीएनएस आहे का ते बघा, मग व्हीपीएन लावून वायफायच्या इंटरफेसवर पोर्ट ५३ बघा. तिथे शांतता असेल तर ते चार सर्व्हर निरुपद्रवी आहेत. काही दिसलं तर स्क्रीनशॉट टाका, बघून सांगतो, फक्त टाकायच्या आधी तुमचा खरा आयपी खोडा, आणि आयपीव्ही६ चा पत्ता पण, तो लांब असतो म्हणून लोक कोणाला कळणार असं समजून तसाच ठेवतात.